दोन घाण्यांची दारू

मथळा वाचून एखाद्या घरीं हा अंक मुलांच्या हातून काढून घेतला जाण्याचा संभव आहे, म्हणून आरंभींच खुलासा केलेला बरा. प्रस्तुत लेखांतील दारू पिण्याची नव्हे. ती तोफाबंदुकांत ठासावयाची आहे. आपल्या जुन्या कागदपत्रांत हा शब्द या अर्थानें वारंवार येतो, आणि दारूगोळा, दारूखाना, दिवाळींतलें दारूकाम हे शब्द आजहि त्याची साक्ष देतात. तेव्हां वाचकांनीं, व विशेषेंकरून वाचक भगिनींनीं, निःशंक मनानें पुढें वाचावें. या विषयांतलें निम्मेंअधिक ज्ञान त्यांना स्वयंपाकघरांत आधींच झालेलें आहे, असें पुढें दिसून येईल.

विषय निघाला तो गेल्या खंडेनवमीस. आमचें घराणें मूळचें कन्नड तालुक्यांतलें; आतां सर्वांचा मुक्काम छत्रपती संभाजीनगरांत, ज्याचें औरंगाबाद हें नांव आमच्या पिढीच्या तोंडीं अजून आधीं येतें. खंडेनवमीस घरांतलीं सारीं हत्यारें धुवूनपुसून पाटावर मांडण्याची आमची चाल आहे. पणजोबांची गंजकी तरवार मध्यें, तिच्या दोहों बाजूंस विळी, अडकित्ता, करवत, आणि अगदीं कडेला माझी शाळेंतली लांकडी पट्टी, जिचा धाक फार आणि उपयोग थोडा असे. पूजा आटोपली, जेवणें झालीं, आणि ओसरीवर सुपारी कातरीत आम्ही सारे बसलों होतों. अमेरिकेंत नोकरीस असलेला आमचा एक पुतण्या रजेवर आला होता. त्यानें आपल्या छंदाची हकीकत सांगावयास घेतली.

छंद नेमबाजीचा. रविवारीं मैदानावर जाऊन निशाणें मारावयाचीं, आणि त्यासाठीं लागणारीं काडतुसें घरींच पुन्हां भरावयाचीं. काडतूस म्हणजे चार वस्तूंचा संसार: पितळेचें नळकांडें, त्याच्या बुडाशीं ठिणगी देणारी टोपी, पोटांत दारू, आणि तोंडाशीं गोळी. बार उडाला कीं गोळी जाते, दारू जळते, टोपी फुकट होते. पितळेचें नळकांडें तेवढें मागें उरतें. महाग वस्तु तीच. म्हणून तिकडचे हौशी लोक तीं नळकांडीं जपून ठेवितात व नवी टोपी, नवी दारू आणि नवी गोळी घालून पुन्हां वापरतात. तिकडील कायद्यास हें मान्य आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानें परवान्यावांचून दारूगोळा तयार करण्यास मनाई आहे, आणि स्फोटक पदार्थांविषयींचा कायदा तर १८८४ पासूनचा आहे. तेव्हां हा उद्योग येथें कोणीं करून पाहूं नये, हें वेगळें सांगावयास नको.

बोलतां बोलतां तो म्हणाला, “काका, माझ्याकडे एका बरणींत थोडी दारू उरली आहे. तीच दारू, त्याच कारखान्याची, त्याच नांवाची नवी बरणी आणली आहे. दोहोंवरचे लॉटचे आंकडे तेवढे निराळे आहेत. परत गेलों कीं दोन्ही एकत्र ओतून टाकणार. उगाच दोन बरण्या कशाला?”

कोपऱ्यांत आमच्या मधल्या काकू वाती वळीत बसल्या होत्या. वय नव्वदीला टेकलेलें, ऐकूं कमी येतें. पण हें वाक्य त्यांनीं ऐकलें. हातांतली वात तशीच राहिली आणि त्या एवढेंच म्हणाल्या, “नको रे बाळा.” कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं. आम्हां वडील मंडळींस तें ठाऊक होतें. पुतण्यास ठाऊक नव्हतें. त्याला जें त्या दुपारीं व पुढें चार दिवस सांगितलें, तेंच येथें जुळवून लिहीत आहें. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नव्हे. मॅट्रिक होऊन संस्कृत शिकलेला मास्तर आहें. परंतु देवगिरीच्या पायथ्याशीं आयुष्य गेलें, दरवर्षीं मुलांची सहल घेऊन किल्ला चढलों, आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरें देण्यासाठीं या विषयाचें जें वाचन झालें तें कामास आलें.

प्रथम ‘लॉट’ म्हणजे काय तें पाहूं. आपल्या भाषेंत याला सुरेख शब्द आहे: घाणा. चकल्यांचा पहिला घाणा, दुसरा घाणा असें आपण म्हणतों. भाजणी एक, कढई एक, करणारी एक, तरी पहिला घाणा आणि तिसरा घाणा यांत फरक पडतो. तेल तापतें, पीठ सैलावतें, हात थकतो. अनारशांची गोष्ट तर याहून नाजूक. त्याच तांदुळाचें व त्याच गुळाचें पीठ दोन वेळां केलें, तर एकदां अनारसा जाळीदार होतो आणि एकदां तुपांत पसरून जातो. म्हणून जाणती गृहिणी नव्या पिठाचा एकच अनारसा आधीं तळून पाहाते, आणि मगच बाकीचे थापते. दारूच्या शास्त्राचें सार या एका अनारशांत आहे.

जुनी काळी दारू तीन वस्तूंची: शोरा, गंधक आणि कोळसा. शुक्रनीति या संस्कृत ग्रंथांत ‘अग्निचूर्ण’ या नांवानें हिचें वर्णन आहे. पण तो भाग फार अर्वाचीन आहे असें अनेक विद्वानांचें मत असल्यामुळें त्यावरून प्राचीनत्वाचा अभिमान बाळगण्याचें कारण नाहीं. आमच्याच जिल्ह्यांतल्या पैठणच्या एकनाथमहाराजांनीं सोळाव्या शतकांत रुक्मिणीस्वयंवरांत लग्नसमारंभांतील दारूकाम वर्णिलें आहे. त्यावरून त्या काळीं ही वस्तु या भागांत घरोघर ठाऊक झाली होती, इतकें निश्चित. कृति तीच, प्रमाण तेंच, तरी घाणा घाण्याला जुळत नसे. याचीं कारणें शोधूं गेल्यास तीं तिन्ही वस्तूंच्या स्वभावांत सांपडतात. शोरा मातींतून काढावा लागे. त्यांत इतर क्षारांचा अंश राहिला कीं तो पावसाळ्यांत मिठासारखा पाणी धरी. कोळसा कोणत्या लांकडाचा व किती जाळलेला, यावर दारूचा वेग पुष्कळ अवलंबून. आणि एकाच झाडाच्या दोन फांद्या एकसारख्या जळतील तर शपथ. त्यांतून दाण्याचा प्रश्न. दाणा बारीक असला तर दारू झटकन् जळते, जाड असला तर सावकाश. म्हणजे नांव एक, कृति एक, आणि तरी एका घाण्याचें एक माप दुसऱ्या घाण्याच्या सव्वा मापाचें काम करील.

देवगिरीवर मेंढा तोफ आहे. तिच्या मागल्या टोंकास मेंढ्याचें मुख घडविलेलें आहे म्हणून लोकांनीं तिला हें नांव दिलें. तिचें दरबारी नांव किला-शिकन, म्हणजे किल्ले मोडणारी, आणि तिच्यावर औरंगजेबाचें नांव कोरलेलें आहे. मुलें तिच्यावर हात ठेवून हमखास विचारीत, “गुरुजी, हिचा गोळा कुठवर जाई?” मी उत्तर देत असें कीं, बाळांनो, तें तोफेला विचारूं नका, दारूला विचारा. पितळ आणि पोलाद तेंच राहातें. दारू मात्र पावसाळ्यापूर्वीं एक असते आणि पावसाळ्यानंतर दुसरी होते. याच देवगिरीस १६३३ सालीं महाबतखानानें वेढा घातला, तेव्हां तटाखालीं सुरुंग खणून त्यांत दारू भरली व तट उडविला. जमिनीखालीं दारू दमट निघती तर तो वेढा किती लांबता, याचा तर्क वाचकांनींच करावा.

दारू जपण्याचें महत्त्व आपल्या पूर्वजांस पुरतें ठाऊक होतें. अठराव्या शतकाच्या आरंभीं रामचंद्रपंत अमात्यांनीं आज्ञापत्रांत दुर्गांचा कारभार सांगतांना दारूखान्याचा विचार निराळा केला आहे. दारूखाना सदरेपासून व वस्तीपासून दूर असावा. त्याला तळघर करून जमीन गच्च करावी. माच घालून त्यावर दारूचीं मडकीं ठेवावीं. ओल लागूं देऊं नये. दर आठपंधरा दिवसांनीं सारें बाहेर काढून ऊन दाखवावें आणि पुन्हां शिक्का करून ठेवावें. रात्रंदिवस पहारा असावा. अशा अर्थाचीं त्यांचीं कलमें आहेत. यांतील शेवटचा शिक्का मला फार अर्थपूर्ण वाटतो. शिक्का म्हणजे नुसती चोरीपासून राखण नव्हे. हें मडकें कोणी उघडलें नाहीं, यांत कांहीं घातलें नाहीं, आंत जें ठेविलें तेंच आहे, याची ती ग्वाही आहे. मधल्या काकूंच्या लोणच्याच्या बरणीचा दादरा सोडण्याची मुभा घरांत दुसऱ्या कोणास नसे, त्यांतलें मर्म हेंच.

परंतु मडकें जपलें तरी आंतल्या दारूचा जोर किती, हें कसें समजावें? पुष्कळ काळपर्यंत याला डोळा आणि अनुभव यांपलीकडे साधन नव्हतें. चिमूटभर दारू स्वच्छ पत्र्यावर पेटवावी. झटकन् जळून डाग न राहिल्यास चांगली, काजळी किंवा मणी राहिल्यास वाईट, अशी परीक्षा होत असे. तिनें दारूचा वाईटपणा समजे. जोराचें माप समजत नसे. तें माप प्रथम शास्त्रशुद्ध रीतीनें घेतलें बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानें. १७४२ सालीं प्रसिद्ध झालेल्या तोफशास्त्रावरील ग्रंथांत त्यानें लंबकाची युक्ति सांगितली. जड लांकडी लंबक टांगावा, त्यावर गोळी झाडावी, आणि लंबक किती झुलला त्यावरून गोळीचा वेग गणितानें काढावा. हे रॉबिन्ससाहेब पुढें ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरींत १७५० सालीं हिंदुस्थानांत आले आणि दुसऱ्याच वर्षीं मद्रासच्या किनाऱ्यावरील सेंट डेव्हिड किल्ल्यांत वारले. त्यांच्या लंबकानें जगाला एक गोष्ट शिकविली: दारूचें नांव विचारूं नये, तिनें काय काम केलें तें मोजावें.

पुढें कारखाने निघाले. बंगालमध्यें इच्छापूर येथें १७८७ सालीं दारूचा कारखाना ठरला व १७९१ पासून चालूं लागला. आपल्या खडकीस दारूगोळ्याचा कारखाना १८६९ सालचा. स्वातंत्र्यानंतर भुसावळजवळ वरणगांव व विदर्भांत भंडारा येथें कारखाने झाले. २०२१ सालीं सरकारनें या खात्याची पुनर्रचना करून दारूगोळ्याचे कारखाने ज्या कंपनीकडे दिले, तिचें मुख्यालय पुण्यास आहे. असल्याच एका कारखान्यांत माझा एक जुना विद्यार्थी नोकरीस होता. त्यानें मला जें सांगितलें त्यानें माझा एक मोठा गैरसमज दूर झाला.

मला वाटत असे कीं कारखान्यांत घाणे एकमेकांत मिसळीत नसतील. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. तेथें घाणे मिसळणें हें एक मुख्य कामच असतें! एक घाणा थोडा तेज निघतो, एक थोडा मंद. दोहोंचें योग्य प्रमाणांत मिश्रण केलें कीं इष्ट तो जोर साधतो, आणि हजारों काडतुसें एकसारखीं उडतात. मोठ्या पंगतीचा स्वयंपाकी चार पातेल्यांतली आमटी एका मोठ्या हंड्यांत एकत्र करितो, म्हणजे पहिल्या पानाला तिखट आणि शेवटच्या पानाला फिकी असें होत नाहीं, तसेंच हें. म्हणजे आमच्या पुतण्याच्या हातांतली प्रत्येक बरणी आधींच अनेक घाण्यांचें मिश्रण होती. मग त्यानें आणखी एक मिश्रण केलें तर बिघडलें कोठें?

बिघडलें तें येथें. कारखान्यांत मिसळण्यापूर्वीं प्रत्येक घाण्याची परीक्षा होते, मिसळतांना तो यंत्रानें समरस केला जातो, आणि मिसळल्यावर त्या मिश्रणाची पुन्हां परीक्षा होते. वेग मोजतात, नळींतला दाब मोजतात. तें सारें झाल्यावर त्याला नवा आंकडा मिळतो. तो आंकडा म्हणजे त्या दारूचें जन्मटिपण. पुढें कोठें दोष आढळला तर त्या आंकड्याचा माल जेथें असेल तेथून परत बोलावितां येतो. घरीं दोन बरण्या एकत्र ओतल्या कीं दोन्ही जन्मटिपणें एका क्षणांत फाडलीं जातात, आणि हातांत उरते ती एक अनामिक वस्तु. पहिल्या क्रियेस मिश्रण म्हणावें, दुसरीस भेसळ. ओतण्याची क्रिया तीच. फरक परीक्षेचा आणि नोंदीचा.

येथें पुतण्यानें गणित काढलें. “काका, एकीचा जोर दहा, दुसरीचा बारा. अर्धीअर्धी मिसळली तर अकरा. त्यांत भ्यावयाचें काय?” हा बेरीज-भागिले-दोनचा हिशेब मीं वर्गांत हजारदां शिकविला आहे, आणि तो येथें दोन ठिकाणीं फसतो.

पहिलें असें कीं, दोन दाणेदार वस्तु एकत्र केल्या म्हणजे त्या एकजीव होतातच असें नाहीं. चिवड्याचा डबा चार दिवस हलवीत जावा. मीठ, तिखट आणि चुरा तळाशीं, पोहे वर. दोन घाण्यांच्या दाण्यांत थोडाहि फरक असला तर प्रवासाच्या हिसक्यांनीं बारीक दाणा खालीं उतरतो. वरच्या मापांत एक दारू, तळच्या मापांत दुसरी. सरासरी अकरा खरी, परंतु एकहि माप अकराचें नाहीं. शिवाय पुष्कळ लोक दारू तागडीनें न तोलतां मापानें घेतात. पायलीभर जोंधळा आणि पायलीभर बाजरी यांचें वजन सारखें भरत नाहीं, हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे.

दुसरें याहून खोल आहे. बंदुकीच्या बंद नळींत दारू जळते तेव्हां दाब वाढतो, आणि हल्लींच्या दारूचा स्वभाव असा कीं दाब वाढला कीं तिचा जळण्याचा वेगहि वाढतो. म्हणून तेज दारू आधीं पेटली कीं ती मंद दारूलाहि आपल्याबरोबर पळविते. चार शांत मुलांत एक खोडकर बसविला, तर वर्गाचा गोंगाट पांचांनीं भागून येत नाहीं; हें मास्तरांस सांगावें लागत नाहीं.

आतां हल्लींच्या दारूविषयीं दोन शब्द. १८८४ सालीं पॉल व्हिएल या फ्रेंच शास्त्रज्ञानें बिनधुराची दारू काढली. हिचें मूळ द्रव्य शोरा-गंधक नसून कापसासारख्या तंतूपासून रसायनक्रियेनें बनविलेलें असतें. जोरांत ती काळ्या दारूच्या कितीतरी पुढें. पण तिला एक दोष आहे. ती मनुष्याप्रमाणें म्हातारी होते. कालांतरानें तिच्यांतून आम्ल वाफा निघतात, आणि त्या वाफाच पुढील नाश जलद करितात. नासकें लिंबू बरणींतल्या चांगल्या लिंबांनाहि बिघडवितें, तशी ही गति आहे. यासाठीं तिच्यांत डायफेनिलअमीनसारखीं वाफा शोषणारीं द्रव्यें घालतात; परंतु तींहि कालांतरानें खर्च होतात. उष्णता व ओल लागल्यास लौकर खर्च होतात.

हें ज्ञान जगानें फार महाग दामानें विकत घेतलें. १२ मार्च १९०७ रोजीं तूलों बंदरांत फ्रान्सची ‘इएना’ ही लढाऊ नौका गोदींत उभी असतांना दारूखाना पेटून फुटली. शंभराहून अधिक माणसें गेलीं. चारच वर्षांनीं, २५ सप्टेंबर १९११ रोजीं, त्याच बंदरांत ‘लिबर्टे’ फुटली व अडीचशेंहून अधिक गेलीं. शत्रु कोणी नव्हता. आपलीच जुनी दारू आपल्याच पोटांत सडली होती. जुनी दारू पुन्हां संस्कार करून वापरांत आणण्याच्या रीतीवर त्या वेळीं कडक टीका झाली. अलीकडचें उदाहरण १९ एप्रिल १९८९ चें. अमेरिकेच्या ‘आयोवा’ या युद्धनौकेवर तोफ भरतां भरतां दारूनें पेट घेतला आणि ४७ खलाशी ठार झाले. दारू कित्येक दशकांपूर्वींची होती, आदल्या वर्षीं ती उन्हांत तापणाऱ्या तराफ्यांत नीट न सांभाळतां ठेविली होती, आणि त्या दिवशीं दारू व गोळा यांची जोडीहि नियमांत न बसणारी होती. प्रथम आरमारानें एका मृत खलाशावरच ठपका ठेविला. १९९१ सालीं खरें कारण सिद्ध होत नाहीं असें कबूल करून त्याच्या कुटुंबाची क्षमा मागितली. इतकी चौकशी होऊनहि कारण निश्चित झालें नाहीं, यांतच मोठा धडा आहे. बार उडून गेल्यावर दारू साक्ष द्यावयास उरत नाहीं. जी कांहीं नोंद करावयाची ती आधीं.

एवढें ऐकून पुतण्या म्हणाला, “या मोठमोठ्या जहाजांच्या गोष्टी झाल्या. माझी एवढीशी बरणी.” तेव्हां मधल्या काकांची गोष्ट सांगणें भाग पडलें.

१९७० सालीं मी दहा वर्षांचा होतों. गौताळ्याच्या डोंगराखालीं आमची शेती. रानडुकरांचा उपद्रव भयंकर. एका रात्रींत मक्याचें उभें पीक आडवें होई. पीक राखण्यासाठीं मधल्या काकांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती, म्हणजे तोंडाकडून दारू घालून गजानें ठासावयाची. त्यांचा स्वभाव टापटिपीचा. दारूचा पितळी डबा, टोप्यांची डबी आणि छऱ्यांची थैली एकाच खुंटीला टांगलेली असे. आदल्या पावसाळ्यांत घर गळून डबा दमटला. काकांनीं दारू उन्हांत वाळविली, पण तिचा जोर गेला होता. छरे शेताच्या बांधापर्यंत जाईनात. म्हणून ते एका मापाच्या ठिकाणीं दीड माप घालूं लागले. वर्षभर तेंच चाललें, आणि हाताला दीड मापाची सवय झाली.

भाद्रपदांत त्यांनीं नवी दारू आणली. त्याच परवान्यावर, त्याच पेढीवरून, त्याच जातीची. डब्यांत जुनी निम्मी उरली होती. ती टाकणें जिवावर आलें. पैशाचा काळ नव्हता. त्यांनीं नवी तिच्यावरच ओतली, डबा हलविला, आणि विचार केला कीं जुनीला दीड माप लागतें, नवीला एक. तेव्हां सव्वा माप पुरे. हिशेब अगदीं पुतण्याचाच. पहिले कांहीं बार ठीक उडाले. डबा तळाला येत गेला. पितृपंधरवड्याच्या आधींच्या एका रात्रीं माळ्यावरून त्यांनीं बार काढला, आणि तो आवाज आम्हां मुलांना घरांत अंथरुणावर ऐकूं आला. नेहमींचा नव्हता. बंदुकीची नळी बुडाशीं फाटली होती. डाव्या हाताचीं दोन बोटें गेलीं आणि डाव्या डोळ्याची दृष्टि कायमची मंद झाली.

मधल्या काकूंनीं कंदील हातीं घेऊन बांधापर्यंत धांव घेतली होती. बैलगाडींतून कन्नडपर्यंत त्याच काकांचा हात लुगड्याच्या पदरांत धरून बसल्या. तेव्हां त्यांचें वय पुरतें पस्तीस नव्हतें.

गांवांत कोणी म्हणालें बंदूक जुनी होती. तीहि जुनी होती, हें खरें. कोणी म्हणालें दृष्ट लागली. पण माझ्या वडिलांनीं दुसऱ्या दिवशीं तो डबा उघडून वर्तमानपत्रावर ओतला, आणि मला जवळ बोलावून दाखविलें. कडेला चिकटलेले जुने मळकट जाड खडे दिसत होते. तळाशीं होता तो सारा नवा, बारीक, चकचकीत दाणा. काका पुढें तीस वर्षें जगले. तीन बोटांनीं धोतर नेसावयास शिकले, पोथी वाचतांना ती उजव्या डोळ्याकडे धरावयास शिकले. या गोष्टीविषयीं ते फारसे बोलत नसत. एकदांच मला म्हणाले होते, “जुन्या दारूनें मला दीड मापाची सवय लाविली आणि नव्या दारूनें तिचा दंड घेतला. दोघींचा दोष नाहीं. मीं त्यांना एका डब्यांत घातलें.”

पुतण्या बराच वेळ बोलला नाहीं. नंतर त्यानें विचारलें, “मग उरलेल्या दारूचें करावें काय?”

उत्तर अवघड नाहीं, आणि तें एकट्या दारूपुरतें नाहीं, म्हणूनच या कौटुंबिक मासिकांत लिहावयास घेतलें. दारू करणारे कारखाने आपल्या सूचनापत्रकांत स्पष्ट सांगतात कीं दोन दारू एकत्र करूं नयेत. त्यांचें ऐकावें. जुनी बरणी आधीं संपवावी, मग नवी फोडावी. नवीचें नांव जुनेंच असलें तरी तिला परकी समजावें. जुन्या मापानें सुरवात न करितां पुस्तकांतल्या कमी मापापासून पुन्हां चढत जावें आणि वहींत नोंद करावी. दारूला आंबूस, तिखट वास येऊं लागला, किंवा तांबूस धूळ दिसूं लागली, तर मोह न धरितां ती तेथील नियमांप्रमाणें नाहींशी करवावी. मूळ बरणींतून काढून दारू दुसऱ्या बरणींत कधीं ठेवूं नये. आपल्याकडे एखाद्या जुन्या वाड्याच्या माळ्यावर आजोबांच्या वेळची दारू किंवा काडतुसें सांपडलीं, तर तीं हलवूं नयेत, उन्हांत घालूं नयेत. पोलीस ठाण्यास कळवावें. अमात्यांच्या आज्ञेंतील ऊन त्यांच्या हवालदारासाठीं होतें. आपल्या गच्चीसाठीं नव्हे.

आणि ज्यांच्या घरीं बंदूक नाहीं, म्हणजे बहुतेक सर्व वाचक, त्यांच्या घरीं औषधांचें कपाट तर आहे? दोन अर्धवट बाटल्या एकींत ओतून जागा मोकळी करण्याची हौस आपल्याकडे फार. नांव एकच असतें. घाण्याचा आंकडा आणि मुदतीची तारीख निराळी असते. ओतल्यावर कोणती तारीख खरी? शेतावर फवारणीच्या औषधाचें तेंच. उरलेलें वाया जाऊं नये ही आपली शिकवण चांगली आहे. पण उरलेल्याचें नांव पुसलें जाऊं नये, ही तिची दुसरी बाजू आपण मुलांना सांगत नाहीं.

संक्रांतीच्या सुमारास पुतण्याचें पत्र आलें. जुनी बरणी त्यानें संपविली, मग नवी फोडली, आणि खालच्या मापापासून आरंभ केला. जुन्या मापाच्या थोडें अलीकडेच नवी दारू तितकाच वेग देऊं लागली, असें त्याच्या यंत्रावर दिसलें. फरक लहान होता, पण होता. मीं तें पत्र मधल्या काकूंच्या कानाशीं मोठ्यानें वाचून दाखविलें. त्यांनीं तें पुन्हां एकदां वाचावयास लाविलें. मग “बरें झालें,” म्हणाल्या, आणि वाती वळावयास लागल्या.